मधल्या वर्तुळातली करणी

पहाटे पाचला डंकन गिलिसचा दिवस सुरू व्हायचा, तोही हातात कुदळ घेऊन. फुटबॉल शिकवणाऱ्याला कुदळ कशाला लागते, हा कबासोचा प्रश्न होता.

कबासोने लुआन्श्या या खाणीच्या गावात तांब्याच्या भट्टीवर उभं आयुष्य काढलेलं. आता तो स्मेल्टर रोव्हर्स या गावच्या फुटबॉल संघाच्या कमिटीवर होता. गिलिसला ठेवायचं की हाकलायचं, हे शनिवारी ठरणार होतं. कमिटी निम्मीनिम्मी फुटली होती आणि कबासोने अजून तोंड उघडलं नव्हतं.

गिलिस स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा. दिवसभर गोदीत जहाजांचे पत्रे जोडायचे, संध्याकाळी चिखलात सराव, शनिवारी मधल्या फळीत खेळायचं. गोल थोडे, पळणं फार. पाय थकले, गोदीही बंद पडली, तेव्हा तो इकडे आला. यातलं पळणं तेवढं कबासोला पटायचं. बाकी, मधल्या फळीतला माणूस चेंडू कुणाला देणार ते शेवटपर्यंत कळू देत नाही. असल्याच्या पोटात काय आहे, कुणी सांगावं?

आल्याआल्या त्याने संघाच्या मांत्रिकाला दारातूनच परत पाठवलं होतं. गावाने ओळखलं, याला आपला मांत्रिक नको म्हणजे याच्याकडे स्वतःचा जबर असणार. संघ जिंकत होता तोवर कुणी बोललं नाही. ओळीने तीन सामने गेले, तेव्हा मैदानाचा राखणदार चिसेंगा बिअरच्या दुकानात कबासोशेजारी येऊन बसला.

"गोरा पहाटे मधल्या वर्तुळात काहीतरी पुरतो."

"काय पुरतो?"

"ते बघायला मी जवळ जाऊ, बा कबासो? मला लेकरंबाळं आहेत."

"तुला खाऊन त्याचं पोट भरणार आहे का? हाडंच आहेत नुसती."

"हसा. कॅप्टनचा घोटा तिथेच मुरगळला."

शुक्रवारी उजाडायच्या आत कबासो गोलच्या खांबामागे उभा राहिला. गिलिस पोतं घेऊन आला. वर्तुळात गुडघ्यावर बसला, खड्डा केला, पोत्यातून काहीतरी काढून आत ठेवलं आणि पुटपुटला. कबासो थेट त्याच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला.

"काय पुरतोस?"

"गवत. गोलच्या मागे माजतं, इथे टक्कल पडलंय. जमिनीवरून दिलेला चेंडू उसळतो."

"आणि पुटपुटत काय होतास?"

"शिव्या देत होतो. खडी आहे खाली."

"कमिटीला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. तुम्हीच म्हणालात, तुला खेळ शिकवायला आणलंय, शेती करायला नाही."

तसं कबासो म्हणाला होता खरा. पण बोलण्यावर विश्वास ठेवायची त्याला सवय नव्हती. त्याने कुदळ हिसकावली आणि गिलिसने लावलेली एक अख्खी ओळ उकरली. गिलिस बघत राहिला. पुडी नाही, हाड नाही. नुसती पिवळी मुळं.

"वरवर लावतोस. मरणार ही."

"निम्मी मरतात. परत लावतो."

"रोज?"

"रोज."

कबासोने त्याचा हात धरून पालथा केला, तळवा पाहिला. घट्टे जुने होते, त्यांवर नवे फोड आलेले. घरी जाताना कबासो विचार करत होता. पुडी एकदाच पुरायची असते. कष्ट वाचावेत म्हणूनच माणूस करणीच्या वाटेला जातो. इतका घाम गाळून करणी कोण करेल?

शनिवारी तो कमिटीत म्हणाला, "ठेवा."

"म्हणजे तुमचा संशय फिटला?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. काहीतरी लपवतोच आहे तो. पण कामचोर नाही."

गिलिस राहिला, पुढे केस पांढरे होईपर्यंत. संघ कधी वर गेला, कधी खाली आला. पगारातून आसपासच्या खाणींतले पाचू विकत घेऊन तो मायदेशी पाठवतो, असं गाव बोलायचं. मग खाणीच्या कंपनीने कामगारांची घरं विकायला काढली आणि त्याने मैदानामागचं दोन खोल्यांचं एक घेतलं. साठवलेलं सगळं त्यात गेलं. शेवटच्या पगारात छपराचे पत्रे आले. ते त्याने स्वतः ठोकले. शिडी कबासोने धरली, आणि एकेक खिळा सरळ बसतोय ना, ते खालून बघत राहिला.