उशिरा पोचलेली हाक

लग्न होऊन चिखलीत आले तेव्हापासून मी मेहकरच्या बालाजीला जाते. फार काही मागायला जात नव्हते. शिवणाचं छोटं दुकान, दिवसभर ब्लाउज शिवायचे आणि जमेल त्या शनिवारी दर्शनाला जाऊन यायचं, एवढंच. पण मध्यंतरी ते जाणं थांबलं. घरातल्या तसबिरीपुढचा दिवासुद्धा सासूबाईच लावायच्या. मी त्या भिंतीकडे पाहायचं टाळायचे. मनात एकच प्रश्न घोळत होता. देवा, मला त्या मोटरसायकलवरच्या नवरा-बायकोच्या मागे आणून सोडायचंच होतं, तर माझ्या आवाजात थोडं बळ का नाही दिलंस? आणि त्याहून भयंकर शंका, जी मी कुणाजवळ बोलले नाही: ती बाई माझ्या हाकेनेच तर गेली नसेल?

ते घडलं तेव्हा थंडीचे दिवस होते. मी सकाळी स्कूटीवर एकटीच मेहकरला निघाले होते. लव्हाळा गाव मागे पडल्यावर रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना हरभरा नि तुरी. माझ्यापुढे एक मोटरसायकल चालली होती. नवरा चालवत होता, टाकीवर चार-पाच वर्षांची मुलगी बसवलेली, मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली. तिच्या साडीचा पदर सुटून मागच्या चाकाशी फडफडत होता. चाकाला लागेलसा वाटायचा आणि पुन्हा वर उडायचा.

आमच्याकडे रस्त्यावर गाडी चालवणारी माणसं एकमेकांना सांगतात. कुणाचं स्टँड खाली राहिलं, कुणाची ओढणी लोंबली, तर शेजारून जाणारा हात दाखवतो, ओरडतो आणि निघून जातो. त्याला ओळख लागत नाही. मलाही किती अनोळखी माणसांनी असं सावध केलं असेल. मला तेवढंच करायचं होतं. मी हॉर्न वाजवला. त्या भल्या माणसाला वाटलं, मला पुढे जायचंय. त्याने गाडी कडेला घेतली. मी पुन्हा हॉर्न वाजवला, हेल्मेटची काच वर केली आणि जीव खाऊन ओरडले, "ताई, पदर! पदर सांभाळा!"

वाऱ्यात तिला शब्द कळले नसावेत. तिने मागे वळून पाहिलं. कुणी ओळखीचं हाक मारतंय असं वाटलं असेल. ती माझ्याकडे पाहून हसली. वळताना तिचा पदर आणखी खाली घसरला आणि चाकात गेला.

पुढचं मला अजूनही सलग आठवत नाही. ती मागे ओढली गेली आणि डोक्यावर आपटली, एवढं दिसलं. गाडी हेलकावत बाजूच्या मुरमात जाऊन आडवी झाली. मी धावले. नवरा गाडीखाली पाय अडकून पडला होता आणि मुलगी शेजारी बसून ओरडत होती. तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. एक चारचाकी आमच्याजवळ हळू झाली, आतल्या माणसांनी पाहिलं आणि ती निघून गेली. काय करावं सुचेना.

तेवढ्यात मागून चादरींचे गठ्ठे बांधलेली एक मोटरसायकल आली. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल, गावोगाव चादरी विकणारे कुणी चाचा होते. त्यांनी काही न विचारता आपली गाडी रस्त्यात आडवी उभी केली, म्हणजे मागून येणारं वाहन आमच्यावर येऊ नये. नवऱ्याचा पाय सोडवला, अँब्युलन्सला फोन केला. मग गठ्ठा सोडून एक कोरी चादर तिच्या अंगावर घातली आणि मला म्हणाले, "ताई, लेकराचं तोंड तिकडं करा, तिले हे दिसू देऊ नका. आन् तुम्ही बाईचा हात धरून बसा. रस्ता मी पाह्यतो."

मी एका हाताने मुलीला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातात त्या बाईचा हात घेतला. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांपैकी काही फुटल्या होत्या. ओठ किंचित हलत होते. मी तिच्या कानाशी बालाजीचं नाव घेत राहिले. दुसरं काही येत नव्हतं मला. चाचा रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभे होते. अँब्युलन्स आली, तिला घेऊन गेली. दवाखान्यात पोचण्याआधीच ती गेल्याचं मागून कळलं.

पोलिसांना मी सांगितलं, पदर चाकात अडकला. तिने वळून पाहिल्याचं सांगायला जीभ वळली नाही. घरी आमचे हे म्हणायचे, "तू तर तिले वाचवाले गेली होती. तुयी काय चूक?" पण त्यांनी तिचं हसणं पाहिलं नव्हतं. मला झोपेत ते दिसायचं. मशीनवर बसले की कापड चाकात जातंय असं वाटायचं आणि मी मशीन थांबवायचे.

असेच दिवस जात असताना एकदा दुपारी दुकानाच्या दारात चाचा उभे! चिखलीत माझं शिवणाचं दुकान आहे, हे मी पोलिसांना सांगताना त्यांनी ऐकलं होतं; लाल स्कूटीवाली शिवणाची बाई म्हणून विचारत विचारत ते माझ्यापर्यंत पोचले होते. पाणी पिऊन म्हणाले, "त्या भावाच्या घरी मी जाऊन आलो, ताई. तेरवी झाली. तो तुमचंच पुसत होता. हॉर्न वाजवत होत्या त्या बाई कोण होत्या, म्हणे. त्याले भेटा एकदा."

तो मला जाब विचारणार, याची मला खात्री होती. तरी दुसऱ्या दिवशी मी आमच्या ह्यांना सोबत घेऊन त्याच्या गावी गेले. जाब विचारला तर निदान एकदा कुणाला तरी खरं सांगून मोकळी होईन, असं वाटलं.

दूध घालणारा माणूस तो. पाय प्लास्टरमध्ये, ओसरीवर बाजेवर बसलेला. मुलगी आजीच्या मांडीवर होती. मी बोलायच्या आतच तो म्हणाला, "ताई, तुमचा हॉर्न मी ऐकला होता. मले वाटलं, तुम्हाले समोर जायचं हाय, म्हणून मी गाडी हळू केली, कडेले घेतली. नाहीतर लय जोरात चाललो होतो. बीबी गावाले तिच्या भावाकडं जेवण होतं, उशीर झाला होता. डॉक्टर म्हणे, तेवढा स्पीड असता त पोरगी राह्यली नसती."

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "दादा, माझ्या हाकेने ती मागं वळली हो. माझ्याकडे पाहून हसली आणि तेवढ्यात पदर गेला. हे मी कुणाला सांगितलं नाही."

तो हळूच म्हणाला, "हसली?"

"हो."

"खरंच हसली ती?"

त्याने तोंडावर हात घेतला आणि लहान मुलासारखा रडला. त्याची म्हातारी आई उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. जरा वेळाने तो म्हणाला, "चाकावरची साडीची जाळी मीच काढली होती, ताई. दुधाच्या कॅना बांधाले आड येत होती. ती रोज म्हणे, लावून घ्या. त्या दिवशी निघतानी त्याच्यावरूनच वाजलं आमचं. रस्त्यानं एक शब्द बोलली नाही माह्यासंग. मले वाटे, रागातच गेली ती."

कुणी कुणाला समजावलं नाही. त्याची जाळी आणि माझी हाक, दोन्ही जिथल्या तिथे होत्या. पण जे हसणं मी पाप म्हणून लपवून ठेवलं होतं, तेच त्या माणसाला हवं होतं, आणि ते पाहणारी जगात मी एकटीच होते. ते त्याच्यापर्यंत पोचवायला मला तिथे नेलं कुणी? चाचांनी, असं म्हणा हवं तर. मी त्यावर वाद घालत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी मेहकरला गेले. ती वाचली नाही, हे दुःख तसंच आहे आणि तसंच राहील. मात्र माझ्या हातून काय झालं आणि त्यातून कुणाला काय मिळालं, याचा निवाडा मी करायचा नाही, एवढं मला कळलं. आपण दिसेल तिथे थांबायचं, हाक द्यायची. ती कुठे पोचते ते देवाच्या स्वाधीन. बालाजीपुढे उभी राहिले तेव्हा मागायला काही सुचलं नाही. तिच्या नावाने हात जोडले, पोटभर रडले. पुजारीबुवांनी तीर्थासाठी हात पुढे करायला सांगितलं. किती दिवसांनी, मी ओंजळ धरली.