पाठीमागचे हात

आमच्या आमगावच्या शाळेत दिव्यांग मुलांना व्यायाम शिकवणारे सर नेहमी हात पाठीमागे धरून उभे राहत. एरवी ते हिंदीत ओरडत, पण कुणी पडलं की आवाज खाली यायचा. "डोळे मीट. सांग, वजन कोन्या पायावर हाय?" माझा डावा पाय जन्मापासून कमजोर. तोही माझाच आहे, हे मला बहुधा या प्रश्नानंच कळत गेलं. ताकदीसाठी ते कोंड्याची पिशवी छातीशी धरून आम्हाला उठबस करायला लावत.

बारावीनंतर मला रेल्वेनं गोंदियाच्या कॉलेजात जायचं होतं. आमच्या घरातून तोवर कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. आईला एकच भीती होती, "एकटी पडली त उचलंल कोन?"

सरांनी तिला शाळेत बोलावलं आणि तिच्यासमोर मला शेजारच्या धानाच्या शेतातल्या धुऱ्यावर, त्या अरुंद बांधावर, चालायला लावलं. मी घसरले आणि चिखलात बसले.

"काऊन पाहून राहिले जी सर? उचला ना तिले!" आई ओरडली.

"थांबा बाई, तिले मालूम हाय." मग मला म्हणाले, "वजन कोठी हाय?"

"उजव्या गुडघ्यावर." मी तळहात धुऱ्यावर टेकले, डावा पाय जवळ ओढला आणि उभी राहिले.

सरांच्या पाठीमागून जाताना दिसलं, त्यांनी आपलं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्यावर बोटांचे वळ उठले होते.

"सोडा जी आता, सर," मी म्हणाले.

आई पदरानं माझे हात पुसत होती. तिनं सरांना विचारलं, "रेल्वेचा पास महिन्याचा काढू का तीन महिन्याचा?"