मेळघाटचा धूर आन् आमचा कूलर

आता तुमच्यापासून काय लपवू? मामाजीले वाचवायच्या नादात मीच त्यायचा जीव घ्याले निघाली होती! मामाजी म्हंजे माहे सासरे. जुना दमा हाय त्यायले.

आमी परतवाड्याचे. उन्हाळ्यात मेळघाटात वणवा पेटला, वारा फिरला, आन् सारा धूर आमच्या गावावर. समोरचा लिंब दिसेना! डॉक्टरांनी फोनवर सांगतलं, "दारं-खिडक्या बंद ठेवा. धूर घरात येऊ देऊ नका."

बस्स! मी पदर खोचला. म्हटलं, कसा येते पाहतेच! साऱ्या खिडक्या लावल्या. एक तेवढी राहिली, तिच्यात कूलर बसवला हाय. फटीत ओल्या चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोधडी, मोरीच्या भोकाले बोळा. मुंगी शिरली तं माहं नाव बदला!

मंग घराची झाली भट्टी. आमच्याकडचं ऊन तुमाले का सांगू! मी कूलर लावला.

मामाजी खोकलले. दम्याचा पंप तोंडात धरून ओढला. पुन्हा खोकलले आन् कूलरकडे बोट केलं.

"गर्मी होऊन राहिली का, मामाजी?" मी स्पीड वाढवला.

खोकला वाढला. बोलता येईना, तं दोन्ही हात हलवून पुन्हा कूलरच दाखवला. अरे बापा, एवढा तरास! मी बटन फुल्ल केलं. खाट बी ओढून थेट कूलरसमोर नेली. खोटं कायले बोलू, माह्यासारखी सून नाई असंच वाटून राहिलं होतं.

पण त्यायले दम लागला ना! छातीत शिट्ट्या वाजून राहिल्या. घरभर फटी शोधत फिरली. धूर येते तं येते कुठून?

तेवढ्यात मामाजी भिंत धरून उठले आन् प्लगच उपटला. पुन्हा पंप घेतला. हळूहळू दम बसला, तवा कुठी माहा जीव भांड्यात पडला.

"काहून बंद केला, मामाजी?"

"सूनबाई, कूलरचं तोंड घरात. पाठ कुठी हाय?"

पाठ बाहेर! साऱ्या परतवाड्याचा धूर ओढून मी मामाजीच्या नाकात सोडून राहिली होती! धावत जाऊन कूलरवर ओली चादर टाकली.

"पण मामाजी, आधी काहून नाई सांगतलं?"

"सांगून तं राहिलो होतो! बोट दाखवलं, तू वाढवला. हात हलवले, तू फुल्ल केला, वरून खाट समोर नेली. म्हटलं, आता डोळे जरी वटारले तं ही बाई मले कूलरातच बसवते!"