इंजिनावरचा नंबर

चेन्नईत गाड्यांच्या कारखान्यात तीन वर्षं काढल्यामुळे धातूतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज झाला होता. त्या तोऱ्यातच वडिलांची जुनी मोटरसायकल साताऱ्याहून रेल्वेने मागवली आणि वेलचेरीत मी राहायचो त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पार सुटी केली. गाडी अजून त्यांच्याच नावावर होती. नीट जोडून ती आरटीओत दाखवायची, मग ती माझ्या नावावर होणार होती.

इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच काळं पडलं होतं. तिरुवल्लिकेणीतला म्हातारा पॉलिशवाला म्हणाला, दोन आठवडे थांबा. मला कुठला धीर! एक मोटर भाड्याने आणली, तिला कापडी चाक लावलं, त्यावर पॉलिशची वडी घासली आणि रविवारी सकाळी बसलो. दुपारपर्यंत कवचात माझे दात दिसायला लागले. ते घेऊन मी मुद्दाम पॉलिशवाल्याकडे गेलो, त्याला खिजवायला.

त्याने कवच उन्हात धरलं, वरच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "नंबर एंगे, सार?"

नंबर कुठे आहे. त्या कडेवर इंजिनाचा नंबर ठोकलेला होता. पॉलिश करणारे आधी त्यावर पट्टी चिकटवतात आणि मगच चाकाला लावतात. मी तो घासून गुळगुळीत केला होता.

नंबर नसलेलं इंजिन म्हणजे चोरीचं, असंच कोणीही धरणार. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी पोलिसांना काय समजावणार होतो? नोकरीचं काय होणार होतं? पण खरं सांगायचं तर पोलिसांपेक्षा मला वडिलांचीच भीती जास्त वाटत होती.

म्हाताऱ्याने कापसाच्या बोळ्याने त्या जागेवर अ‍ॅसिड लावलं. ठोकताना आतपर्यंत दबलेल्या धातूत आकड्यांची पुसट सावली वर आली. मी ते आकडे बसच्या तिकिटावर उतरवून घेतले. शेवटचे दोन आकडे काही केल्या उमटले नाहीत.

तिथूनच फोन लावला. "बाबा, इंजिनाचा नंबर माझ्या हातून घासला गेला."

लहानपणी त्या गाडीच्या नुसत्या आरशाला हात लावला तरी कानाखाली बसायची. माझा हात आपोआप गालाकडे गेला.

मग ते नंबर सांगायला लागले, एकेक आकडा, सावकाश. मी तिकिटावर बोट सरकवत गेलो. शेवटचे दोन त्यांनी दोनदा सांगितले.

"लिहिलास?"

"हो."

"आता ते इंजिन कुठे नेऊ नकोस. कागद घेऊन मी येतो."

"बाबा, तुमचे गुडघे. एवढा लांबचा प्रवास."

"मालक अजून मीच आहे," ते म्हणाले. "चोर कोण म्हणून विचारलं, तर आधी मला विचारू देत."