माझ्याआधी घर पाहून जाणारा म्हातारा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. ऑफिसात कोणी चकव्याचा विषय काढला की मी फाइल उचलून दुसऱ्या टेबलावर जायचो. आता तुम्ही मला हसणार. हसा बापा! पण पूर्ण वाचून हसा.

भंडारा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला आणि आम्हा कारकुनांची फिरवाफिरव सुरू झाली. दोनेक वर्षांनी माझी बदली गोंदियाहून भंडाऱ्याला आली. महिनाभरात क्वार्टर सोडायचं होतं. घरात बायको सुनंदा, आठवीतली मुलगी आणि माझे वडील — बाबूजी. बाबूजींनी उभा जन्म मोहाडीला भाड्याच्या घरात लुगडी विणली. त्यांचा माग खड्ड्याचा... म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि पायांनी पावड्या दाबायच्या. बदलीच्या वर्षभर आधी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना गोंदियाला आणताना मी माग मोडून विकला आणि खड्डा विटांचे तुकडे टाकून बुजवला. आमच्या घरची रीत अशी, की नवा खड्डा खणल्याशिवाय जुना बुजवायचा नाही. बाबूजी खाटेवरून बघत होते. मी म्हटलं, आता कोण विणणार आहे इथं?

तर घर. सुनंदाचं एकच पालुपद — नागपूर. "पोरीचं शिक्षण, बाबूजीचे डॉक्टर, सगळं तिथंच आहे. तुम्ही करा ना अप-डाऊन! अर्धं ऑफिस करते." रोज बसमध्ये सडायची माझी तयारी नव्हती. भंडाऱ्यात बाबूजींसाठी तळमजला मिळेना. म्हणून ओळखीपाळखीतून आसपासच्या गावांत निरोप पाठवले — कारधा, मोहाडी, अड्याळ.

पहिलं कारधा. रविवारी सकाळी पूल ओलांडून पोचलो, तर घरमालकीण दारातच म्हणाली, "आता काहून आले जी? कालच तर तुमचे बाबूजी नाही म्हणून गेले."

"माझे बाबूजी?"

"मंग! म्हने, पोरगा येईल, त्याले सांगजा हे घर नोको. नदी जवळ आहे, खड्ड्यात पानी लागंल. म्या देलं मंग दुसऱ्याले."

कोणाचा तरी म्हातारा चुकून आला असेल, असं समजून मी परतलो. रविवार वाया, वर उन्हाचा ताप.

पुढच्या आठवड्यात मोहाडी. बाजाराचा दिवस, गर्दीतून वाट काढत तहसीलमागचं घर शोधलं. मालक म्हणजे एक रिटायर मास्तर, गावात नवेच आलेले. ते माझ्याकडे बघून हसले. "तुमचे बुढे बाबा भारी चिकित्सक आहेत! जमिनीवर टाच आपटून पाह्यली तीनदा. हातानं खोली मोजली. म्हने मागाचा ताणा मावत नाही, अन् उजेड उलटीकडून येते."

माझं डोकं सणकलं. ऑफिसातलाच कोणी मस्करी करत असणार! विचारलं, दिसायला कसे होते?

"बुटके. अन् कानावर पांढरा धागा अडकवला होता."

मी तिथल्या पायरीवर बसलो. विणताना धागा तुटला तर जोडायला हाताशी असावा, म्हणून बाबूजी कायम एक धागा कानावर ठेवायचे. जेवतानासुद्धा. आणि जमीन पोकळ आहे की भरीव, हे ते टाच आपटूनच बघायचे. ऑफिसातल्या कोणाला यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं.

घरी आलो तर बाबूजी सकाळी होते तसेच पडलेले. सुनंदा त्यांना पेज पाजत होती. मी सगळं सांगितलं, तर म्हणाली, "एवढी वाटी पाजाले मले अर्धा तास लागते, अन् ते मोहाडीले जाऊन आले? तुमचंच डोस्कं तपासा आधी!"

मी खाटेपाशी जाऊन ओरडलोच. "बाबूजी, तुमीच नाही म्हणून राहिले का? मंग कुठं राहाचं ते तरी सांगा!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली मला, पण राग काही गेला नाही.

तिसरं अड्याळ. मालक अंबादासजी, धानाचे शेतकरी. त्यांनी लांबूनच हाक मारली, "या, या! बाबूजीले पसंत पडलं ना घर! कानावरचा धागा काढून खिडकीपासची जागा मोजली. म्हने खड्डा इथंच."

"घर मी घेणार आहे की तो म्हातारा?" मी केवढ्यानं तरी ओरडलो. आत पाऊलही न टाकता मागे फिरलो. अंबादासजी बिचारे चहा घ्या, चहा घ्या करत रस्त्यापर्यंत आले.

दुसऱ्याच दिवशी नागपूर गाठलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मालकाला पहिला प्रश्न हाच विचारला, "आधी कोणी म्हातारे येऊन गेले का?"

"नाही हो, तुम्हीच पहिले."

काय हायसं वाटलं म्हणून सांगू! तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. सुनंदाही खूश झाली.

बाबूजींना खुर्चीत बसवून वर चढवलं. खिडकीशी बसवल्यावर त्यांनी डाव्या, धडक्या पायाची टाच फरशीवर आपटली. तीनदा. मग माझ्याकडे बघितलं. थोड्या वेळाने परत तेच. दिवसभर तेच. खालचा भाडेकरू तक्रार घेऊन वर आला, तेव्हा मी चिडून त्यांच्या पायाखाली सतरंजीची घडी सरकवली. दोन-तीन दिवसांत ठोकणं थांबलं. मग हळूहळू खाणंही. अडीच महिन्यांत, एका सोमवारी सकाळी बाबूजी गेले.

तेरवीनंतर ऑफिसच्या कामासाठी भंडाऱ्याहून पवनीला निघालो होतो. बस अड्याळला थांबली आणि मी उतरलो. का उतरलो, देव जाणे. अंबादासजी अंगणातच होते. "किती वाट पाहाले लावता जी! चला, तयार आहे."

पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, गुडघाभर खोल खड्डा खणलेला होता. कडा नीट लिंपलेल्या.

"बाबूजी परत आले होते ना. सोमवारी, सकाळीच. जागा दाखवून गेले, मंग म्या गड्याकडून खणून घेतला. म्या म्हनलं, तुमचा पोरगा तं रागावून गेला. तं म्हनले, त्याच्यावर राग नोको धरू. पोराले घर पाहाता येत नाही, म्हून मले फिरा लागते."

कोणता सोमवार, ते विचारलं. तोच निघाला. मी खड्ड्याच्या काठावर बसलो, आत पाय सोडले आणि त्या परक्या माणसासमोर हमसून हमसून रडलो.

आता आम्ही अड्याळलाच राहतो. सुनंदा महिनाभर फुगून होती, मग तिनेच खड्ड्यावर फळी टाकली. बुजवू नका म्हणाली. स्पष्टीकरण मात्र माझ्याकडे नाही. अंबादासजींना खोदून खोदून विचारलं, आता ते माझ्यावरच वैतागतात. योगायोग म्हणणारे भेटले, मनाचे खेळ म्हणणारेही. त्यांनी आधी मला त्या कानावरच्या धाग्याचं सांगावं. मी विचार करून थकलो. एक मात्र रोज डाचतं — सगळी घरं ते माझ्याआधी पाहून आले, आणि जिथं ते गेलेच नाहीत, नेमकं तिथंच मी त्यांना उचलून नेलं.