लेकीच्या वर्गातला बाप

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीने फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवलं, तेव्हा या इंजिनिअर गृहस्थांनी पन्नाशी ओलांडली होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मिक्सर खोलला, इस्त्री खोलली आणि फ्रिजकडे वळले, तशी बायको म्हणाली, "अहो, जरा बाहेर जाऊन या ना कुठेतरी!"

ते गेले ते थेट विद्यापीठात, आणि आधुनिक नियंत्रणशास्त्राच्या मास्टर्सला नाव घालूनच परतले. लिफ्ट धक्का न देता बरोबर मजल्यावर कशी थांबवायची, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. ती तशी का थांबते, हे आता गणिताने समजून घ्यायचं होतं.

अडचण एकच होती. त्याच विभागात त्यांची लेक पीएचडी करत होती आणि मास्टर्सच्या मुलांची प्रयोगशाळा तीच घ्यायची.

पहिल्याच दिवशी तिने त्यांना जिन्यात गाठलं. "बाबा, इथे मी तुला तुम्ही म्हणणार. तू मला मॅडम म्हणायचं. आणि संध्याकाळी भाजी काय आणायची, हे वर्गात विचारायचं नाही."

त्यांनी हे इतकं मनावर घेतलं, की घरी जेवतानाही हात वर करू लागले. "मॅडम, एक शंका."

"बाबा, आधी जेव."

पहिल्या गृहपाठाला तिने दहापैकी चार गुण दिले. त्यांनी बायकोकडे दाद मागितली. बायकोने वही उलटसुलट करून पाहिली. "अक्षर तर चांगलं आहे की! चार कसे दिलेस गं?"

"आई, दोन अक्षराचेच आहेत."

या शास्त्राचं सार थोडक्यात असं, की यंत्राने स्वतःची चूक सतत मोजायची आणि ती वाढण्याआधीच सावरायची. गृहस्थांना आता घरभर चुकाच दिसू लागल्या. बायको अंघोळीला गेली की ते बाथरूमच्या दाराशी उभे राहायचे. "अगं, गरम पाण्याचा नळ एकदम फिरवू नकोस! पाणी पाइपातून यायला वेळ लागतो. प्रणालीत विलंब आहे!"

"विलंब तुमच्या डोक्यात आहे!" आतून आवाज यायचा. "डोळ्यांत साबण गेलाय माझ्या!"

शेवटच्या प्रकल्पाला त्यांनी उलटा लंबक घेतला. रुळावर धावणारी छोटी गाडी आणि तिच्यावर बिजागरीने बसवलेली एक काठी. काठी ज्या बाजूला कलेल, त्या बाजूला गाडीने धाव घेऊन तिला उभं ठेवायचं. बरेच महिने काठी पडत राहिली आणि ते तिची समजूत घालत राहिले. मग एकदाची ती उभी राहिली. त्या दिवशी ते घरी शीळ घालत आले.

परीक्षेच्या सकाळी मात्र घाईत चष्मा घरीच राहिला. डोळे बारीक करून त्यांनी सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले. बाहेरून आलेले परीक्षक, अंगाने भरदार आणि चेहऱ्याने गंभीर, रुळाच्या टोकाशी खुर्ची टाकून बसले. लेक कागद घेऊन बाजूला उभी होती. गृहस्थांनी बटण दाबलं.

काठी डावीकडे कलली आणि गाडी सुसाट उजवीकडे सुटली. रूळ संपला तरी थांबली नाही. थांबली ती परीक्षकांच्या मांडीवर.

"अरे बाबा, वजा! वजा चिन्ह राहिलंय!" लेक ओरडली.

परीक्षकांनी मांडीवरची गाडी शांतपणे टेबलावर ठेवली. "मॅडम, विद्यार्थी वयाने मोठे आहेत. अरे बाबा काय? नीट बोला त्यांच्याशी."

तेवढ्यात दार उघडून बायको आत आली, हातात चष्मा. "नीटच बोलतेय की ती. बापच आहे तो तिचा!"

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. परीक्षकांनी चष्म्यावरून तिघांकडे पाळीपाळीने पाहिलं. "असं आहे तर. बापाला गुण किती दिलेत आतापर्यंत?"

तिने कागद पुढे केला. परीक्षक वाचत गेले, तसतसा त्यांचा चेहरा निवळत गेला. "चार. साडेचार. तीन! अहो, परक्याशीसुद्धा कुणी असं वागत नाही. घ्या, चष्मा लावा आणि पुन्हा करा."

वजा चिन्ह बसलं. गाडी जराशी थरथरली, मागेपुढे झाली आणि काठी ताठ उभी राहिली. परीक्षकांनी काठीला बोटाने टिचकी मारून पाहिली. ती डुलली आणि पुन्हा सावरली.

"पास," परीक्षक म्हणाले आणि मांडी चोळत जेवायला गेले.

प्रयोगशाळेला कुलूप लावायची वेळ झाली, तरी गृहस्थ यंत्रापाशीच उभे होते. "बंद कसं करू?" ते म्हणाले. "बंद केलं की पडेल ना ती."

"बाबा, तू आईबरोबर बाहेर थांब. मी करते बंद."

ते बाहेर गेले. आतून खट्‌ असा आवाज आला. लेक बाहेर आली आणि कुलूप लावू लागली.

"पडली?"

"छे. हळूच धरून आडवी ठेवली."

"मॅडम," ते म्हणाले, "मी आवाज ऐकला."