चिमणीच्या गालावरची तीट

आमची आसावरी कापडावर छापायची चित्रं काढते. सून म्हणून घरात आली तेव्हा मला त्याचं काही नवल वाटलं नाही. भिवंडीत गल्लोगल्ली लूम खडखडतात, कापड कोणाच्या घरी नाही? पण हिचं काम निराळं. ही टॅबलेटवर एकच चौकोन काढते. तो चारी बाजूंनी स्वतःलाच असा जुळला पाहिजे, की शेजारी शेजारी मांडत गेलं तरी सांधा दिसता कामा नये. मग तोच चौकोन थानभर छापतात. त्याला ती रिपीट म्हणते. मी म्हटलं, "म्हणजे जपच की गं. नाव एकच, माळ संपेपर्यंत." तिला ते इतकं आवडलं की तिने आपल्या पानावर लिहूनही टाकलं.

पान म्हणजे इन्स्टाग्रामचं. नाव 'लोंबी'. सकाळी माझी पूजा आटोपते तेव्हा तिची सुरू होते. खिडकीच्या उजेडात फोटो काढायचे, तेच चित्र उशीवर कसं दिसेल, पडद्यावर कसं दिसेल ते दाखवायचं, खाली चार ओळी लिहायच्या. मग कंपन्यांना मेल. बहुतेक मेलांना उत्तर येत नाही. गंधार, माझा मुलगा, बायकोच्या कामाला नावं ठेवणारा नाही, पण जरा घाबरट. गेल्या दिवाळीला म्हणाला, "पुढच्या दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर आमच्या कंपनीच्या राहनाळच्या गोडाऊनमध्ये डेटा एन्ट्रीची जागा आहेच." आसावरी "बरं" म्हणाली. तिचं 'बरं' मी ओळखते. ते बरं नव्हतं.

श्रावणात तिने एक चित्र काढलं आणि ते चाललं. माझं माहेर गणेशपुरीकडचं. तिथे भात झोडायच्या आधी लोंब्यांची एक जुडी चिमण्यांसाठी ओटीवर टांगायची आमच्या आईची रीत. मी सांगितलं, तिने काढलं. लोंब्या, आणि त्यांना लटकलेल्या गोलमटोल चिमण्या. पानावर टाकलं तर दोन दिवस फोन टुणटुण वाजतोय. कुठकुठल्या लोकांनी पाहिलं म्हणे.

मी हातातली माळ खाली ठेवली. म्हटलं, "अगं, एवढे डोळे! तीट लाव."

"कोणाला, आई?"

"चिमणीला."

हसली, पण माझं मन राखलं. एका चिमणीच्या गालावर बारीक काळा ठिपका दिला.

थोड्याच दिवसांत अंजूरफाट्याहून भूपेशशेठचा फोन आला. मलमलवर छापून ओढण्या विकतात. चित्र पानावरच पाहिलेलं. हिचं पहिलं मोठं काम. आम्ही दोघी वऱ्हाळदेवीला पेढे ठेवून आलो. घरी येऊन घाईघाईत हिने फाईल पाठवली, आणि तिथेच घात झाला. स्वच्छ चित्राची फाईल राहिली बाजूला, तीट लावलेली गेली. नमुन्याचा तुकडा आला तेव्हाही तिला काही खटकलं नाही. त्या ठिपक्याची डोळ्याला सवय झालेली. जपात एक अक्षर चुकलं की माळभर चुकत जातं, तसं झालं.

बुधवारी शेठ फोनवर ओरडले, "मॅडम, माल में दाग है! थोडा नही, पूरा थान!"

मी बरोबर गेले. गोडाऊनमध्ये गाठी रचलेल्या, आणि प्रत्येक गाठीवर खडूने मोठ्ठं लिहिलेलं, 'डाग'. शेठने थान टेबलावर उलगडलं. चिमण्या, लोंब्या, आणि टप्प्याटप्प्याने काळा ठिपका. टॅबलेटवर गोजिरा दिसायचा, इथे माशी बसल्यासारखा.

"सॅम्पल कोणी पास केलं?" शेठ.

"मीच. चूक माझी आहे." आसावरीने ठिपक्यावर बोट ठेवलं.

मला राहवलं नाही. "शेठ, डाग नाही तो. तीट आहे. माझ्या सांगण्यावरून लावली तिने."

शेठने माझ्या पाया पडल्यासारखे हात जोडले. "मावशी, तीट घरात. बाजारात त्याला डाग म्हणतात." मग आसावरीकडे वळून, "रविवारी लॉटवाला टेम्पो आणतोय. किलोच्या भावाने नेईल. यापुढे आपलं काम होणार नाही. आणि कोणी छपाईवाल्याने विचारलं तुमच्याबद्दल, तर मी खोटं सांगणार नाही."

म्हणजे राहनाळच. ती टॅबलेट बंद करून गोडाऊनच्या याद्या भरत बसलेली मला दिसायलाही लागली.

"रविवारपर्यंत माल ठेवाल?" तिने विचारलं. "मी विकून बघते."

"डागवाल्या ओढण्या? कोण घेणार?"

"बघते."

एक थान घेऊन आम्ही घरी आलो. गंधारने तोंडं पाहिली आणि हळूच म्हणाला, "उद्या ऑफिसात विचारू का?" तिने थान बैठकीत उलगडून ठेवलं. या वेळी 'बरं' सुद्धा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची मनिषा आली. माहेरी बाळंतपणाला आलीय. कुशीत तान्ही मुलगी, तिचं दुपटं ओलं झालेलं. "काकू, एखादं मऊ फडकं द्या हो," म्हणत तिने समोरच पडलेलं ते मलमल ओढलं आणि पोरीला गुंडाळलं. मग एकदम, "अय्या! चिमणीला पण तीट! बघ गं बये, तुझ्यासारखीच नटलीय."

आसावरी ताडकन उठली. "काय म्हणालीस?"

"कोण, मी? का, महाग आहे का कापड?"

"नाही गं! पुन्हा म्हण."

ओढणीचं दुपटं झालं ते असं. तिने पोरीचे फोटो काढले, गालावरची तीट आणि चिमणीची तीट शेजारी शेजारी. लिहायला बसली तेव्हा मी म्हटलं, "लिही, हे पांघरलं की बाळाला दृष्ट लागत नाही."

"ते नाही लिहिणार, आई. मला ते माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"मग तुम्ही सांगितलंत तेवढंच लिहिते." आणि लिहिलं, 'सासूबाई म्हणाल्या, चिमणीला तीट लाव. लावली. ती माझ्या चुकीने सगळ्या थानावर छापली गेली. बाजारात याला डाग म्हणतात. ज्यांना तीट दिसेल त्यांच्यासाठी दुपटी आहेत.'

मला थोडं लागलं. पण खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

शुक्रवारी सकाळपासून फोन गप्प. दुपारी पहिली टिप्पणी आली, कुणीतरी लिहिलेलं, 'डागी माल खपवायची नवी आयडिया!' आसावरीचा चेहरा उतरला. तरी उत्तर दिलं, 'हो, डागीच आहे. वर लिहिलंय.' मी माळ घेऊन बसले, पण मेरुमणी कधी येऊन गेला कळेना. परत पहिल्यापासून धरली.

तिन्हीसांजेला दिवा लावत होते तेव्हा आतून हाक आली, "आई!" नाशिकची कोणी बाई. 'सातवा चालू आहे. दोन ठेवा.' तिच्याखाली तिच्या बहिणीचं नाव. मग कुणाची आजी, कुणाची आत्या. शनिवारी तर आसावरी जेवायला उठेना. मीच भरवल्यासारखं ताट पुढे धरलं.

रविवारी गोडाऊनवर पोचलो तेव्हा टेम्पो भरत होता. लॉटवाला हॉर्न मारतोय, पोरं गाठी चढवतायत. आसावरीने धावत जाऊन शेठच्या हातात फोन दिला. शेठ अंगठ्याने खाली खाली सरकवत वाचत राहिले. दोन पोरांनी आणखी एक गाठ उचलली. माझ्या तोंडात देवीचं नाव, डोळा त्या गाठीवर.

"ए, रुक," शेठ म्हणाले. "वो उतारो. वो तीटवाली."

सगळा माल काही वाचला नाही. निम्मा टेम्पोतून गेलाच. पुढच्या कामाचं शेठ बोलले नाहीत, फोन परत देताना एवढंच म्हणाले, "अगली बार फाईल मैं खुद देखूंगा." म्हणजे अगली बार आहे.

गाठी गंधारने जिन्यावरून वर आणल्या. राहनाळचं नाव त्याने काढलं नाही. दिवाळी अजून आहे म्हणा. आता बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, मी आणि मनिषा दुपट्यांचे काठ दुमडतोय. वरच्या गाठीवर खडूचं ते 'डाग' तसंच होतं. देवघराच्या समोर ते अक्षर मला बघवेना. ओलं फडकं घेऊन पुसायला गेले, तर आसावरीने हात धरला.

"राहू द्या, आई. आधी फोटो काढू द्या."